कोणाच्या गळ्यात पडून

फुलचंद मास्तरला आपल्या लेखणीचा गर्व होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. लपवावा तरी कशाला? मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलात निबंधाचं पहिलं बक्षीस त्यानंच मारलं होतं. कारंज्याच्या बाजारपेठेत बापाचं किराण्याचं दुकान, पण या पोराला तराजूपेक्षा टाक गोड वाटला. मुद्दा मांडला की त्याला दाखला द्यावा, दाखल्याला उपमा जोडावी, मग दोन गोष्टींची तुलना करावी, शेवटी कारण सांगून परिणाम दाखवावा, ही सगळी हत्यारं त्याला तोंडपाठ होती. घराला आग लागली तर फुलचंद आधी प्रस्तावना करेल आणि मग पाणी मागेल, असं त्याचे दोस्त म्हणायचे. त्यालाही ते ऐकून बरंच वाटायचं.

असा हा गडी बावन्न साली हेमला तांड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत आला. किन्हीराजापासून तीन कोस आडवाट, मध्ये एक नाला, आणि पलीकडे बंजाऱ्यांची साठेक घरं. ज्याच्या नावानं तांडा, तो हेमला नाईक कधीच मातीआड झालेला. आता नाईकी गुलाबसिंगाकडे होती. मास्तर आला तेव्हा पटावर सहा पोरं होती, पोरगी एकही नाही. दोन वर्षांत पट सत्तावीसवर गेला आणि त्यात चौदा पोरी होत्या. हो, चौदा. किन्हीराजाच्या मोठ्या शाळेतसुद्धा तेवढ्या नव्हत्या.

पोरी आल्या त्या काही मास्तरच्या भाषणानं आल्या नाहीत. भाषण त्यानं दिलं होतं, चांगलं पाऊण तास, आणि बायकांनी ते पदराआड हसत ऐकलं होतं. पोरी आल्या त्या धुरपताबाईच्या शब्दानं. ही बाई तांड्यावर ढावलो शिकवायची. ढावलो म्हणजे नवरीचं रडगाणं. सासरी जाताना बंजाऱ्याची पोर आपल्या एकेका माणसाच्या गळ्यात पडते आणि गात गात रडते, आणि ते रडणं तिला आधी शिकावं लागतं. ज्या पोरीला ढावलो येत नाही तिच्या आईला तांडा नावं ठेवतो. लग्न ठरलं की नवरी रोज दुपारी धुरपताबाईच्या ओसरीवर बसते आणि तांड्यातल्या झाडून सगळ्या पोरी तिच्याभोवती बसतात. बसून बसूनच त्या शिकतात. म्हणून मास्तर आणि धुरपताबाई यांच्यात करार झाला: एरवी पोरी दिवसभर शाळेत, तांड्यात लग्न निघालं तर सकाळी शाळा आणि दुपारी ढावलो. करार कागदावर नव्हता, पण दोघांनी तो इमानानं पाळला.

आता घोटाळा कुठं झाला तो ऐका. चोपन्नचा माघ महिना होता. गुलाबसिंग नाईकाच्या पुतणीचं, सुंदरचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. दुपारची शाळा भरली होती, म्हणजे बारा पोरं होती. तेरावा तापानं घरी पडलेला. आणि कसलीही खबर न देता वाशीमहून शाळाखात्याचे डिप्टी साहेब बैलांच्या दमणीतून येऊन दारात उभे. मास्तरची तारांबळ उडाली. साहेबांनी पट मागितला, सत्तावीस नावं पाहिली, समोरची बारा डोकी मोजली आणि विचारणार तेवढ्यात तांड्याच्या वरच्या अंगाला पंधरा गळ्यांनी एकदम टाहो फोडला. धुरपताबाईचा वर्ग रंगात आला होता. साहेब दचकले. त्यांनी हळूच विचारलं, कोणी वारलं का?

शाळेच्या वेळात पोरी रडायला शिकायला गेल्या आहेत आणि मीच त्यांना सोडलं आहे, हे साहेबाला सांगायचं कोणत्या तोंडानं? निबंधात पहिला आलेला माणूस, त्याला त्या क्षणी एक वाक्य सुचलं नाही. त्यानं मान खाली घातली. साहेबांनी त्याचा व्हायचा तोच अर्थ घेतला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, पुढं केलेला पाण्याचा पेला तोंडाला न लावताच परत ठेवला, आणि दुःखाच्या घरी तपासणी नको म्हणून आल्या पावली निघाले. जाताना शेरेबुकात मात्र त्यांनी आपलं काम केलं: पट सत्तावीस, हजर बारा.

पंधरा दिवसांनी कागद आला. वीसपेक्षा कमी हजेरीची शाळा चालवता येत नाही, सबब हेमला तांड्याची शाळा मार्चअखेर बंद करून मुलं किन्हीराजाला जोडावीत. तीन कोस आणि मधला नाला ओलांडून मुलगे गेले तरी असते कदाचित. पोरी एकही गेली नसती. मास्तरला ते कागद वाचतानाच कळलं.

पण तो काही हातपाय गाळणारा नव्हता. लेखणी आहे ना! त्यानं अर्ज लिहिला. "ज्ञानसूर्याच्या सहस्रकिरणांनी उजळत चाललेल्या या स्वतंत्र भारतवर्षात" अशी त्याची सुरुवात होती आणि पुढं अकरा मुद्दे होते. प्रत्येकाला दाखला, प्रत्येकाला उपमा. अर्ज आठ दिवसांत परत आला. समासात शेरा होता, 'पंधरा मुलांच्या गैरहजेरीचा खुलासा नाही.' मास्तर चिडला. साहेबाला मराठी कळत नाही असं म्हणाला आणि दुसरा अर्ज लिहिला, पहिल्याहून लांब. त्यात प्राचीन गुरुकुलांशी हेमला तांड्याची तुलना होती आणि गैरहजेरीचं कारण 'ऋतुमान' असं एका शब्दात उरकलेलं होतं. तोही परत आला. या खेपेला शेरा तांबड्या शाईत होता: 'खुलासा नाही. वीस मार्चपर्यंत न आल्यास हुकूम कायम.'

वीस मार्चला सहा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. शाळा सुटली होती, मास्तर कडुनिंबाखाली तिसरा अर्ज मांडीवर घेऊन बसला होता, आणि धुरपताबाई तिथं आली. साठीची बाई, कोपरापासून वर पांढऱ्या बांगड्या, चालणं अजून ताठ. तिनं आडवळण घेतलं नाही. तुमचं तोंड आठ दिवसांपासून उतरलेलं आहे, काय भानगड आहे म्हणून विचारलं. मास्तरनं हुकमाचं सांगितलं. पोरींच्या शाळेचं ऐकल्यावर तिचा चेहरा कठीण झाला. काय लिहिलंत ते वाचून दाखवा, म्हणाली.

मास्तर उठून उभा राहिला. बसून वाचण्यासारखा तो अर्जच नव्हता. त्यानं आवाज लावला, योग्य जागी थांबला, योग्य जागी हात उचलला, आणि शेवटचं 'कृपाभिलाषी' म्हणून खाली बसला. धुरपताबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. तिला बरेच शब्द कळले नव्हते, पण न कळण्यानं दबणारी ती बाई नव्हे.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी रडून तर चांगले राह्यले. पन कोनाच्या गळ्यात पडून रडून राह्यले?"

मास्तरला हसू आलं. त्यानं समजावून सांगितलं की हा अर्ज आहे, ढावलो नव्हे. अर्जाला रीत असते. तिनं विचारलं, ढावल्याला काय रीत नसते? आणि मग खाली फतकल मारून तिनं त्याला आपला धडा दिला. आयुष्यात पहिल्यांदाच फुलचंद मास्तर विद्यार्थ्याच्या जागी बसला.

ती सांगत गेली ते असं. सुंदर पहिल्या दिवशी ओसरीवर आली आणि गाऊ लागली, मायबाप सोडून चालले, सोन्याचं घर सोडून चालले. धुरपताबाईनं तिला तिथंच गप्प केलं. हे तर कोणतीही पोर म्हणेल. या रडण्यानं कोणाला पाझर फुटेल? मग तिनं सुंदरला एकेक माणूस धरायला लावला. आई धर. आईनं तुझ्यासाठी काय केलं जे दुसऱ्या कोणत्या आईनं दुसऱ्या कोणत्या पोरीसाठी केलं नाही? ते सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एका आईला तीन दुपारी लागल्या. मग भाऊ. सुंदर म्हणाली, भाऊ माझा वाघ आहे. धुरपताबाई म्हणाली, वाघ जंगलात राहू दे, तुझा भाऊ सांग. पोर रुसली, दोन दिवस बसून राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिला आठवलं की एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला होता तेव्हा भावानं तिला खांद्यावर घेऊन आणलं आणि त्यात त्याची एक वहाण वाहून गेली. वर्षभर तो अनवाणी हिंडला, पण वहाण कशी गेली ते घरी कोणाला बोलला नाही.

सुंदरचा भाऊ धनसिंग हा किती दगडाचा माणूस आहे ते मास्तरला ठाऊक होतं. आणि लग्नाच्या दिवशी मास्तर तिथंच उभा होता. सुंदर त्याच्या गळ्यात पडून वहाणेचं गाऊ लागली तसा तो सहा फुटी गडी मांडवाच्या मेढीला धरून खाली बसला होता आणि पोरासारखा हुंदके देत होता. मास्तरला तेव्हा वाटलं होतं की गळा गोड आहे पोरीचा.

"एका वहानीनं झालं ते," धुरपताबाई म्हणाली. "आता सांगा, तुमच्या कागदात साहेब कुठी हाये?"

मास्तरनं 'मेहेरबान' या शब्दावर बोट ठेवलं. तिनं मान हलवली. ते तर सगळ्याच साहेबांना म्हणतात, म्हणाली. हा साहेब आपल्या तांड्यात आला होता. इथं येऊन त्यानं काय केलं? मास्तर म्हणाला, काही नाही केलं, हजेरी घेतली, पाणीसुद्धा प्यायला नाही. तिनं विचारलं, काहून नाही प्यायला? आणि आता मास्तरला पळायला वाट उरली नाही. त्यानं अडखळत सगळं सांगून टाकलं: तो टाहो, साहेबाचा प्रश्न, आपली खाली गेलेली मान, आणि हातात धरलेली टोपी.

धुरपताबाई आधी खो खो हसली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. आपल्या तांड्यावर साहेबलोक येताना तिनं जन्मभर पाहिले होते. काठीनं गाठोडी उचकणारे पाहिले होते, चोरी दुसरीकडे झाली तरी आमचीच घरं धुंडाळणारे पाहिले होते, असं तिनं सांगितलं. आमच्या दुःखासाठी टोपी काढणारा पाहिला नव्हता.

"इथूनच सुरू करा," ती म्हणाली. "त्या टोपीपासून."

मास्तर उसळला. तिथून सुरू केलं तर आपण साहेबाला फसवलं हे आपल्याच हातानं लिहून द्यायचं! नोकरी जाईल, निदान बदली तरी ठेवलेली. ते तिला कळतं का? कागद काळे करणं म्हणजे गाणं नव्हे. तो बरंच बोलला आणि मोठ्यानं बोलला. धुरपताबाईनं त्याला अडवलं नाही. त्याचं सगळं सांगून झाल्यावर ती बांगड्या सावरत उठली.

"मंग हे दोन अर्ज तुमी शाळेसाठी लिवले का सोतासाठी?" एवढंच तिनं विचारलं आणि उत्तराला न थांबता निघून गेली.

मास्तरला असा राग आला की विचारू नका. एका अंगठेबहाद्दर बाईनं आपल्याला निबंध शिकवावा! दुसऱ्या दिवशी त्यानं पोरांना विनाकारण तीसचा पाढा पाच वेळा म्हणायला लावला. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून हलेना. दुपारी त्यानं आपले दोन्ही जुने अर्ज काढून पुन्हा वाचले, आणि आता त्याला ते स्वच्छ दिसलं. अकरा मुद्दे, दाखले, उपमा, गुरुकुल, सगळं रचून ठेवलं होतं ते एका खाली गेलेल्या मानेच्या समोर, ती दिसू नये म्हणून. हत्यारं खोटी नव्हती हो. ती त्यानं लपायला वापरली होती. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. मग त्यानं कोरा कागद घेतला आणि अर्ध्या तासात अर्ज लिहून काढला. तो असा होता:

"साहेब, माघात आपण हेमला तांड्यावर आलात तेव्हा रडण्याचा आवाज ऐकून आपण टोपी काढली होती. त्या दिवशी इथं कोणी वारलं नव्हतं. आमच्या चौदा मुली दुपारी लग्नाचा ढावलो शिकायला गेल्या होत्या. मीच त्यांना परवानगी दिली होती, कारण त्या अटीवरच त्यांच्या आया त्यांना शाळेत धाडतात. पंधरावा मुलगा तापानं आजारी होता. आपण विचारलंत तेव्हा मला हे सांगायची लाज वाटली आणि मी मान खाली घातली. चूक माझी आहे, मुलींची नाही. किन्हीराजाची वाट नाल्यातून जाते. याच नाल्याच्या पुरात इथल्या एका भावाची बहिणीला आणताना वहाण वाहून गेली. शाळा तिकडे गेली तर या चौदा मुली घरी बसतील. ज्या तांड्यासाठी आपण टोपी काढलीत तो जिवंत आहे. एकदा येऊन मोजून जावं."

ना सूर्य, ना किरणं. खाली सही. अर्ज त्यानं धुरपताबाईला वाचून दाखवला, या खेपेला बसून. शेवटच्या दोन वाक्यांना तिनं डोळे मिटले आणि पाठवा म्हणाली. मास्तर स्वतः किन्हीराजाला चालत गेला आणि आपल्या हातानं पेटीत टाकून आला. परतताना त्याला भूक लागली होती, आठ दिवसांत पहिल्यांदाच.

सत्तावीस मार्चला डिप्टी साहेब आले, दुपारीच आले. तेरा मुलगे आणि चौदा मुली जाजमावर बसलेल्या. साहेबांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं, मोजून झाल्यावर पाणी मागितलं आणि पेला रिकामा केला. मग शेरेबुक ओढून लिहिलं: हजर सत्तावीस, शाळा कायम ठेवावी. पण साहेबांची लेखणी थांबली नव्हती. दुसऱ्या पानावर त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: वरिष्ठांची दिशाभूल केल्याबद्दल शिक्षकास एक एप्रिलपासून आसेगावला बदलावं.

"त्या दिवशी टोपी काढली याचं मला वाईट वाटत नाही," साहेब दमणीत बसताना म्हणाले. "तुम्ही मान खाली घातली त्याचं वाटतं."

मास्तरनं या वेळी मान खाली घातली नाही. मला पण, साहेब, असं तो सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाला. दमणी नाल्यापलीकडे जाईपर्यंत तो ताठ उभा होता.

एकतीस तारखेला त्यानं वळकटी बांधली. गुलाबसिंग नाईकानं किन्हीराजाच्या मोटारीपर्यंत बैलगाडी जुंपली होती. तांडा गोळा झाला आणि पोरींनी धुरपताबाईला गळ घातली की गुरुजींसाठी आम्ही ढावलो म्हणतो. ती चक्क नाही म्हणाली. ढावलो रक्ताच्या माणसासाठी असतो, आणि नवरीनंच म्हणायचा असतो. मास्तरसाठी रीत मोडायची नाही. पोरींची तोंडं एवढीशी झाली. मास्तरलाही ते लागलं, उगाच कशाला खोटं बोला. पण बाई रीत मोडणारी नव्हती तशी पोरींना रिकाम्या हातानं परत पाठवणारीही नव्हती. गाऊ नका, पाटीवर लिहा, ज्याचं त्याला पोचतं करा, म्हणून तिनं पोरींना शाळेत पिटाळलं, आणि घटकाभरानं चौदा पोरी चौदा पाट्या छातीशी धरून ओळीनं बाहेर आल्या.

मास्तर पहिलीसमोर उभा राहिला. रुखमाच्या पाटीवर होतं, माया बोटात काटा मोडला तवा तुमी खडू ठेवून काटा काडला. दुसरीच्या पाटीवर, तुमी आमच्या घरी ताक पेले अन् माय दिवसभर खुश होती. तिसरीच्या, मले सात अन् आठ येत नोते, तुमी चिचोके आनले. कुठंच सूर्य नव्हता, कुठंच वाघ नव्हता. हे सारं त्यानं केलं होतं आणि तो केव्हाच विसरला होता. पोरी विसरल्या नव्हत्या. पाचव्या पाटीशी अक्षरं पुसट दिसायला लागली तसा त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि पुढं सरकला. सगळ्यांत धाकटी शेवटी उभी होती. तिला अजून जोडाक्षरं येत नव्हती, म्हणून तिनं लहानसंच लिहिलं होतं: तुमी मले बसाले जागा देली.

मास्तर तिथं किती वेळ उभा होता कोण जाणे. गाडीवाल्यानं बैलांना दोनदा चुचकारलं. पोरी वाट बघत होत्या आणि मास्तरच्या हातात त्याची टोपी होती. ती त्यानं कधी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

धुरपताबाई पुढं आली. तिचेही डोळे काही कोरडे नव्हते, पण आवाज पक्का होता.

"टोपी घाला मास्तर," ती म्हणाली. "कोनी मेलं नाई."

मास्तरनं टोपी घातली आणि गाडीत बसला.